जांभळ्या पट्टीचा पहिला नंबर

रोज सकाळी आमच्या कंपनीतले सत्तर-ऐंशी उच्चशिक्षित लोक आपापल्या लघवीचा रंग एकमेकांना दाखवत असत. हे मी थट्टेनं म्हणत नाही. त्यासाठी व्हॉट्सॲपवर वेगळा ग्रुप होता, ‘फॅट बर्नर्स’ नावाचा, आणि त्यावर कागदाच्या एका पट्टीचा फोटो टाकायचा असे. पट्टी लघवीत बुडवली की तिच्या टोकाचा चौकोन रंग बदलतो. शरीर साखरेऐवजी चरबी जाळायला लागलं की कीटोन नावाचं द्रव्य तयार होतं. ते जितकं जास्त तितका चौकोन जांभळा. कुणाचा फिकट गुलाबी आला तर बाकीचे हळहळत, गडद आला तर टाळ्यांच्या चित्रांचा पाऊस पडे. माझ्या दुप्पट पगार घेणारा एक व्हाइस प्रेसिडेंट केवळ पट्टी गुलाबी आली म्हणून दिवसभर टीमवर खेकसत होता, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

साल २०१८, ठिकाण पुण्यात खराडीतली एक काचेची इमारत. मी ललिता. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेते. माझा स्वभाव बघता हे काम मी फुकटसुद्धा केलं असतं.

आणि मला टाइप वन मधुमेह आहे, शाळेत असल्यापासून. ज्यांना यातला फरक माहीत नाही, म्हणजे जवळजवळ सगळ्यांना, त्यांच्यासाठी सांगते: माझ्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. कमी होतं किंवा लागू पडत नाही असं नव्हे, होतच नाही. ते बाहेरून टोचून घ्यावं लागतं, जेवले तरी आणि उपाशी राहिले तरी. त्याचा गोड खाण्याशी, आळसाशी किंवा गेल्या जन्मीच्या पापाशी काही संबंध नाही. माझे वडील पुण्याजवळच्या मांजरी गावात ऊस संशोधन संस्थेत नोकरीला होते, त्यामुळे नातेवाइकांनी सगळा दोष उसावर ढकलला आणि मोकळे झाले. एक मावशी अजून मला कारल्याचा रस घ्यायला सांगते. तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही, कारण ती मावशी आहे.

लहानपणी आई काचेची सिरिंज उकळून मला इंजेक्शन द्यायची. मग नव्वदनंतर देशाचा बाजार उघडला. परदेशी कोला आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात लगेच आला, घरच्या घरी साखर मोजायचं यंत्र मात्र आमच्यापर्यंत यायला बरीच वर्षं लागली. कुणाला काय आधी हवं होतं ते यावरून समजावं.

गंमत अशी की कमी कार्ब्सचं जेवण या मंडळींच्या कितीतरी आधीपासून मी जेवते आहे. अर्धी ज्वारीची भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, मेथी नाहीतर पडवळ, दोन अंडी, दही, मूठभर दाणे. भात सणापुरता, तोही चव लागेल इतकाच. यात तपश्चर्या वगैरे काही नाही, साधा हिशेब आहे. ताटात पिठूळ आणि गोड कमी असलं की इन्सुलिन कमी लागतं, आणि डोस लहान असला की अंदाज चुकला तरी चूक लहानच राहते. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. एखाद्या दिवशी मी नुसती हवा खाऊन राहिले तरी दिवसभराचं मूळ इन्सुलिन मला घ्यावंच लागतं. ते बंद केलं तर शरीर चरबी जाळत सुटतं, कीटोन साचत जातात, रक्त आंबतं आणि माणूस मरतो. एवढं साधं आहे हे. शाळेतल्या पोराला समजतं, पण बावीस हजारांचं पॅकेज विकणाऱ्या कोचला समजत नाही.

कोचचं नाव अनिरुद्ध सर. त्यांना आमच्या एचआरच्या नम्रतानं शोधून आणलं होतं. आधी ते विमा विकत, मग त्यांनी स्वतःचं वजन उतरवलं आणि त्या एका पोटाच्या अनुभवावर जगाला शहाणं करायला निघाले. पहिल्याच भाषणात त्यांनी पडद्यावर पोळी दाखवली आणि म्हणाले, “हे विष आहे.” समोर बसलेल्या निम्म्या लोकांच्या डब्यात ते विष त्यांच्या आईनं सकाळी उठून लाटून दिलेलं होतं. मग म्हणाले, “इन्सुलिन हा चरबी साठवणारा हार्मोन आहे. इन्सुलिन खाली आणा, आजार पळून जातील. मी लोकांची इंजेक्शनं सोडवली आहेत.”

मी हात वर केला. “ज्याच्या शरीरात इन्सुलिन बनतच नाही, त्यानं किती खाली आणायचं?”

अनिरुद्ध सर हसले. हसायचं कसं याचंही त्यांनी कुठंतरी प्रशिक्षण घेतलं असावं. “मॅडम, बनत नाही हे तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलंय. शरीराला विचारलंत का कधी?”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बसले. ज्या सभागृहात या वाक्याला टाळ्या पडतात तिथं बोलण्यात काही अर्थ नसतो.

आता एक मान्य करते, नाहीतर मी अन्याय करते असा आरोप यायचा. ज्यांना साधा मधुमेह होता, वयामुळे आणि वडापावामुळे झालेला, त्यातल्या काहींची साखर खरंच उतरली. कमरेचे पट्टे दोन भोकं आत गेले. त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. पण वजन उतरलं की माणसाची अक्कल वाढते असं यांना वाटायला लागलं, आणि तिथून सगळं बिघडलं. स्पर्धा लागली. पॅन्ट्रीतल्या पांढऱ्या फळ्यावर दर सोमवारी नावं चढायची. ज्याची पट्टी सर्वांत गडद तो पहिला. शेवटी बक्षीस समारंभ, त्यात चषक आणि फिटनेस बँड.

आणि पहिला यायला लागला प्रज्ञेश.

प्रज्ञेश आमच्याच मजल्यावरचा, डेव्हलपमेंटमधला. कॉलेजातून सरळ आलेला, विश्रांतवाडीत आईवडिलांबरोबर राहणारा. वडील पोस्टातून निवृत्त झालेले. मुलगा कामाला चोख आणि तोंडानं मुका. त्याच्या कोडमध्ये चुका सापडत नसत, म्हणून तो मला फारसा आवडत नसे. तो आधीच बारीक होता. असल्या स्पर्धेत त्यानं कशासाठी उतरावं तेच मला कळेना. पण त्याची पट्टी पहिल्या आठवड्यात जांभळी झाली, दुसऱ्यात वांग्यासारखी, आणि मग तिच्यापुढे कुणाची डाळ शिजेना. लोक त्याच्या जागेवर जाऊन विचारू लागले, “काय खातोस रे?” तो लाजून सांगे, “पनीर, अंडी. बाकी काही नाही.” माणसांच्या गर्दीत मी त्याला प्रथमच हसताना पाहिलं.

मला आधी वाटलं, पोरगं पट्टीला काहीतरी फासतंय. तेवढ्या कारणानं मला त्याच्याबद्दल थोडा आदरही वाटला.

मग एका दुपारी कॉफीच्या मशीनपाशी तो माझ्या पुढे उभा होता. त्यानं पाण्याचा ग्लास भरला, प्यायला, परत भरला, परत प्यायला. तिसऱ्यांदा ग्लास धरला तेव्हा त्याची बोटं माझ्या डोळ्यांसमोर आली. बोटांच्या टोकांना, मधोमध नव्हे, अगदी कडेला, काळे बारीक ठिपके होते. जो कधीतरी साखर तपासतो तो बोटाच्या मध्यावर टोचतो आणि हाय-हुय करतो. कडेला टोचलं की कमी दुखतं, हे ज्याला रोज तीन-चारदा टोचायचं असतं त्यालाच कळतं. माझ्याही बोटांना तसेच ठिपके आहेत.

“किती वर्षं झाली?” मी विचारलं.

“कशाला, मॅम?”

“टाइप वनला.”

त्यानं ग्लास खाली ठेवला. आजूबाजूला कुणी आहे का ते पाहिलं. “मला काही नाहीये.”

“बोटं दाखव बघू.”

त्यानं हात खिशात घातले. “मॅम, प्लीज. तुम्ही तुमचं बघा ना.”

मी आवाज खाली आणला. मला ते सहसा जमत नाही. “हे बघ, कमी खातोस, चांगलंच आहे. मीही तेच करते. जेवणाचं इन्सुलिन थोडं कमी कर, तेही डॉक्टरला विचारून. पण रात्रीचं, ते मूळचं, ते बंद केलेलं नाहीयेस ना?”

“माझी शुगर एकशे वीस असते,” तो पटकन म्हणाला, आणि मग आपण काय बोलून बसलो ते त्याच्या लक्षात आलं. “म्हणजे, कुणाचीही असते तशी.”

“एकशे वीस असो नाहीतर शंभर. तुझी पट्टी वांग्याच्या रंगाची येतेय. त्या बाकीच्यांची येते ती उपाशीपोटी. तुझी येते ती वेगळ्या कारणानं.”

“मी पहिला आलोय म्हणून तुम्हाला त्रास होतोय का?” असं म्हणून तो निघून गेला.

मला राग आला. असा आला की दोन दिवस मी त्याच्या प्रोग्रॅममध्ये चुका शोधत बसले, आणि सापडल्यासुद्धा. चार जागी तपासणीची अट विसरला होता, एके ठिकाणी वजाबाकीच्या जागी बेरीज. पूर्वी असं कधी झालं नव्हतं. तेव्हा माझा राग गेला. मी नम्रताकडे गेले. नाव न घेता म्हणाले, “स्पर्धेतल्या एकाला हॉस्पिटलची गरज आहे. थांबवा हे.” नम्रतानं मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाली, “ललिता मॅम, इट्स ओन्ली फन. तुम्हाला पार्टिसिपेट करता येत नाही हे आय अंडरस्टँड. पण निगेटिव्हिटी नको ना.” ती मुलगी वाईट नाही. तिच्या डोक्यात एका वेळी एकच सुविचार मावतो, इतकंच.

समारंभ शुक्रवारी दुपारी होता, कँटीनमध्ये. खुर्च्या मांडलेल्या, भिंतीला फुगे, आणि टेबलावर खोबऱ्याच्या पिठाचा केक, ज्याची चव ओल्या पुठ्ठ्यासारखी होती. मी मुद्दाम पुढच्या रांगेत बसले. प्रज्ञेश सकाळपासून दोनदा उलटी करून आल्याचं त्याच्या शेजारच्यानं मला सांगितलं. त्यानं ग्रुपवर विचारलंही होतं, “सर, मळमळतंय, काय करू?” अनिरुद्ध सरांनी उत्तर दिलं होतं, “ग्रेट. शरीरातलं विष बाहेर पडतंय. लिंबूपाणी आणि सैंधव मीठ. हार मानू नकोस, चॅम्पियन.” खाली चाळीस अंगठे.

नाव पुकारल्यावर तो उठला. ओठ कोरडे, डोळे खोल गेलेले, शर्ट हँगरवर टांगल्यासारखा. मंचाच्या दोन पायऱ्या चढताना त्यानं टेबलाचा आधार घेतला. अनिरुद्ध सरांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि माईक हातात घेतला. पोरगं श्वास घेत होतं. नुसता श्वास नव्हे. खोल, जोरात, एकामागून एक, मैलभर पळून आल्यासारखा. माईकमध्ये तो श्वास ऐकू येत होता.

“ऐका,” अनिरुद्ध सर म्हणाले. “याचा श्वास ऐका. किती खोल झालाय. योगी लोकांना हे साधायला वर्षं लागतात.”

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. अभियंते, एमबीए, अमेरिकेला जाऊन आलेले, सगळ्यांनी. रक्त आंबायला लागलं की शरीर असा श्वास घेऊन आम्ल बाहेर टाकायची धडपड करतं. हे मला पहिल्यांदा इस्पितळात नेलं तेव्हाच्या डॉक्टरनं आईला सांगितलेलं मी ऐकलं होतं. समोर एक मुलगा मरत होता आणि माझे सहकारी त्याच्या मरणाला दाद देत होते.

मी मंचावर चढले. जवळ गेल्यावर त्याच्या तोंडाला वास आला, फार पिकलेल्या केळ्याचा, नेलपॉलिश पुसायच्या द्रव्याचा. मी त्याचं मनगट धरलं. “चल.”

“मॅडम, बक्षीस द्यायचंय अजून,” अनिरुद्ध सर म्हणाले.

“ते तुम्ही घ्या,” मी म्हणाले. “आणि बाजूला व्हा, नाहीतर हा चषक मी तुमच्या डोक्यात घालीन.”

ते बाजूला झाले. माणूस शूर नव्हता, एवढं बरं.

कंपनीच्या गाडीतून आम्ही मुंढवा रस्त्यावरच्या एका छोट्या हॉस्पिटलात गेलो, कारण तेच जवळ होतं. नम्रताही आली. एचआरनं यायचं असतं असा नियम होता. तिथला ड्यूटीवरचा डॉक्टर पंचविशीचा, मोबाइल चार्जिंगला लावायला जागा शोधत असलेला. त्यानं बोटातून साखर पाहिली. एकशे सत्त्याऐंशी.

“काही विशेष नाही,” तो म्हणाला. “डाएटिंग, ॲसिडिटी, डिहायड्रेशन. सलाईन लावू, उलटीचं इंजेक्शन देऊ. संध्याकाळपर्यंत घरी.”

“हा टाइप वन आहे,” मी म्हणाले. “इन्सुलिन बंद केलंय यानं. कीटोॲसिडोसिस आहे हा, रक्त आंबतंय त्याचं.”

डॉक्टरनं माझ्याकडे इंटरनेट वाचून आलेल्या बाईकडे पाहतात तसं पाहिलं. “मॅडम, तसं असतं तर शुगर चारशे-पाचशे असती. डायबेटिस आहे का तुला?”

प्रज्ञेश खाटेवर डोळे मिटून पडला होता. त्यानं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या नम्रताकडे. “नाही,” तो म्हणाला.

“ऐकलंत?” डॉक्टर म्हणाला.

त्या क्षणी मला तिघांचाही सारखाच तिटकारा आला. मरताना खोटं बोलणारा हा, ते खरं मानणारा तो, आणि फोनवर बोट फिरवत उभी असलेली ती. मी गप्प बसले असते तर मुलगा संध्याकाळी सलाईन घेऊन विश्रांतवाडीला घरी गेला असता आणि घरीच संपला असता. पुरावा दाखवला असता तर त्यानं जे लपवलं होतं ते उद्या सकाळपर्यंत सगळ्या मजल्याला कळलं असतं. विचार करायला फार वेळ लागला नाही. मी त्याचा हात उचलला आणि बोटं डॉक्टरसमोर धरली.

“हे ठिपके बघा. आणि ही माझी बोटं बघा. आता सांगा हे कशाचे ते. तो जेवतच नाहीये, म्हणून साखर चढत नाहीये. साखर नाही म्हणजे आजार नाही असं तुम्हाला कुणी शिकवलं?” मग नम्रताकडे वळले. “तो ग्रुप उघड. आजच्या त्याच्या पट्टीचा फोटो यांना दाखव.”

नम्रतानं फोन पुढे केला. डॉक्टरनं फोटो मोठा करून पाहिला. मग आदल्या दिवशीचा पाहिला, त्याच्या आदल्याचा पाहिला. खाली टाळ्यांची चित्रं होती.

“तुम्ही लोक हे रोज टाकता?” त्यानं विचारलं.

“चॅलेंज होतं,” नम्रता म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

डॉक्टरनं स्वतः प्रज्ञेशच्या मनगटातून रक्त काढलं आणि तपासायला धावला. परत आला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. रक्तातलं आम्ल इतकं वाढलं होतं की मशीन बिघडलंय असं समजून त्यानं दोनदा तपासलं होतं. मग मात्र माणसं हलली. सलाईन, इन्सुलिनची ड्रिप, मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूला फोन, ॲम्ब्युलन्स. आम्ही निघताना डॉक्टर माझ्याजवळ थांबला. “मॅडम, सॉरी,” म्हणाला. “फोन चार्जिंगला लावा,” मी म्हणाले, कारण मला रडू येत होतं आणि दुसरं काही सुचलं नाही.

आयसीयूच्या बाहेर त्याचे वडील आले. संभाजीराव. इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, हातात फाइल. फायलीत मुलाचे लहानपणापासूनचे सगळे रिपोर्ट तारखेनं लावलेले होते. त्यांच्याबद्दल वाईट बोलायला मला काही सापडलं नाही.

“फ्रिजमधली इन्सुलिनची पेनं दर महिन्याला संपत होती, मॅडम,” ते म्हणाले. “मी बघत होतो. संपत होती म्हणजे घेतोय असंच आम्ही समजलो. तो आधी थोडं, मग सगळंच बेसिनमध्ये सोडून देत होता म्हणे.” मग म्हणाले, “पाच वर्षांचा होता तेव्हा मी त्याला धरायचो आणि त्याची आई सुई द्यायची. मोठा झाला म्हणून धरायचं सोडलं.”

मी त्यांना चहा आणून दिला. आम्ही दोघंही बिनसाखरेचा प्यायलो.

शनिवारी अनिरुद्ध सरांनी ग्रुपवर लिहिलं की प्रज्ञेशला बाहेरचं खाऊन फूड पॉयझनिंग झालं आहे, सर्वांनी सकारात्मक लहरी पाठवाव्यात, आणि चषक दुसऱ्या क्रमांकाला दिला जाईल. मी खाली लिहिलं: “ज्यांना इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं त्यांनी ते कुणाच्याही भाषणानं बंद करू नये. ओकाऱ्या होत असतील आणि पट्टी काळपट येत असेल तर कोचला नव्हे, डॉक्टरला फोन करावा.” दोन अंगठे आले. मग मला ग्रुपमधून काढून टाकण्यात आलं. त्या ग्रुपवर मी कधी आले हेच मला आठवत नव्हतं.

सोमवारी त्याला साध्या वॉर्डात हलवलं. मी भेटायला गेले तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती. संभाजीराव औषधं आणायला खाली गेले होते. प्रज्ञेश उशीला टेकून बसला होता. रंग परत आला होता, श्वास माणसासारखा झाला होता.

“ऑफिसात कळलं का सगळ्यांना?” हे त्यानं आधी विचारलं.

“नम्रताला कळलंय. म्हणजे सगळ्यांना कळलं असं धर.”

तो खिडकीकडे बघत राहिला. मी वाटभर ठरवून आले होते की त्याला सोलून काढायचं. मूर्खपणाचे सगळे प्रकार क्रमवार लावून ठेवले होते. “का केलंस हे?” मी विचारलं. “मोठा शिकलेला ना तू? त्या विमेवाल्याचं ऐकलंस?”

“त्यांचं नाही ऐकलं,” तो म्हणाला. “म्हणजे ऐकलं, पण… शुगर चांगली यायला लागली होती. वाटलं, खरंच लागत नसेल. आणि सगळे येऊन विचारत होते, कसं केलंस, कसं केलंस. मला आजवर कुणी असं विचारलं नव्हतं.”

“आणि मी विचारलं तेव्हा? मला तरी सांगायचं. मी टाइप वन आहे, सगळ्यांना माहीत आहे.”

“म्हणूनच नाही सांगितलं.”

“म्हणजे?”

“राग येईल तुम्हाला.”

“येईलच. बोल.”

“मी जॉइन झालो त्या आठवड्यात कुणाचा तरी बर्थडे होता. केक वाटत वाटत तुमच्यापर्यंत आले आणि नम्रता मॅम मोठ्यानं म्हणाल्या, यांना नको, यांना डायबेटिस आहे. सगळे तुमच्याकडे बघायला लागले. तुम्ही काहीतरी जोरदार बोललात, सगळे हसले. मग तुम्ही कँटीनमध्ये जाऊन एकट्याच डबा खात बसलात. नंतरही रोज एकट्याच बसता.” त्यानं चादरीची कड दुमडली. “मी तेव्हाच ठरवलं की इथं कुणाला सांगायचं नाही. मला तुमच्यासारखं व्हायचं नव्हतं, मॅम.”

क्रमवार लावलेलं सगळं माझ्या डोक्यातून उडालं. इतकी वर्षं मी कँटीनच्या मधोमध बसून पोटात सुई टोचत आले, कुणाची पर्वा न करता. माझी समजूत होती की बघणाऱ्याला त्यात हिंमत दिसते. या मुलाला दिसली होती ती एकटी जेवणारी बाई. मला लागलं. आत कुठंतरी फार लागलं, आणि गंमत म्हणजे राग आला नाही.

नर्स ताट घेऊन आली. हॉस्पिटलचं मधुमेही जेवण: तीन पोळ्या, बटाट्याचा रस्सा आणि वाडगाभर भात. ताटाशेजारी तिनं इन्सुलिनचं पेन ठेवलं. “घेणार का मी देऊ?” तिनं विचारलं.

“नंतर,” प्रज्ञेश म्हणाला.

नर्स गेली. मी त्या ताटातला भात आणि दोन पोळ्या उचलून बाजूला ठेवल्या. “नको होऊस माझ्यासारखा,” मी म्हणाले. “चारचौघांत बस, गप्पा मार, लग्न कर, काय हवं ते कर. ज्यांना कळलं त्यांना कळलं, बाकी कुणाला सांगू नकोस, मी पण सांगणार नाही. पण माझ्यासारखं न होता चाळिशी गाठायची असेल तरी आधी चाळिशी गाठावी लागते. तुझी गोष्ट शुक्रवारीच संपत होती.”

त्यानं ताटाकडे पाहिलं. एक पोळी, रस्सा. ओठ हलवत मनात डोसचा हिशेब जुळवला. मग पेन उचललं, सुई बसवली आणि थांबला.

“मॅम,” तो म्हणाला, “तुम्ही जरा तिकडे बघता का?”

आजवर मी सुई कुणापासून लपवली नाही, की कुणाच्या सुईवरून नजर काढली नाही. मी उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. भिंतीवर आरोग्याचं पोस्टर होतं: एक जिलबी, तिच्यावर लाल फुली, आणि खाली ‘गोड टाळा, मधुमेह पळवा’. पाठीमागे पेनवरच्या, डोस ठरवायच्या चकतीची टकटक सुरू झाली. ती थांबून त्याचा शर्ट खाली सरकेपर्यंत मी ते मूर्ख पोस्टर पुन्हा पुन्हा वाचत राहिले.